‘बिदानंद’ म्हणजे ‘जाणावे’ : जुन्या दप्तरातील फारसी विध्यर्थाची ओळख

डिचोली, पेडणे व सत्तरी या महालांतील अनेक घराण्यांकडे, देवस्थानांकडे व जुन्या दप्तरांत मोडी लिपीतील कागदपत्रे जपून ठेवलेली आढळतात. त्यांतील बरीचशी मराठीत असली, तरी सतराव्या शतकातील पत्रांचा मायना वाचताना मोडी जाणणारा वाचकही अडखळतो. अक्षरे लागतात, पण अर्थ लागत नाही. ‘अज रख्तखाने’, ‘दाम दौलतहू’, ‘कारकुनानि हाल व इस्तकबाल’, ‘बिदानद’ असे शब्द एकापाठोपाठ येतात. पुष्कळ वाचक हा भाग निरर्थक शिष्टाचार समजून सोडून देतात. काही तर ‘बिदानद’ हे एखाद्या व्यक्तीचे नाव असावे असे धरून चालतात.

वस्तुतः ‘बिदानद’ हे संपूर्ण मायन्याचे क्रियापद आहे, आणि ते फारसी व्याकरणातील विध्यर्थाचे रूप आहे. ते समजले की मायना उलगडतो, आणि कागदातील कोणता मजकूर आज्ञा आहे व कोणता घडलेली गोष्ट आहे, हे ओळखण्याची दृष्टीही मिळते. जुन्या कागदाच्या वाचनात हा भेद सर्वांत महत्त्वाचा होय.

या भागात फारसी कशी आली

कारापूर, साखळी, मये, नार्वे, डिचोली हा प्रदेश विजापूरच्या आदिलशाहीत मोडत होता. आदिलशाहीची दरबारी भाषा फारसी होती. तथापि पहिल्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकिर्दीत, म्हणजे सोळाव्या शतकाच्या मध्यास, महसुलाचे हिशेब देशभाषेत ठेवण्याची पद्धत सुरू झाली आणि मराठी जाणणारे ब्राह्मण कारकून दप्तरात आले. त्यांनी मजकूर मराठीत लिहिला. मायना, पदव्या व शेवटचे शेरे मात्र फारसी वळणाचे ठेवले.

पुढे हा प्रदेश मराठ्यांच्या अंमलाखाली आला. नार्वे येथील श्री सप्तकोटेश्वराच्या देवालयाची पुनर्बांधणी शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६६८ मध्ये सुरू झाली, हे तेथील शिलालेखावरून ज्ञात आहे. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर हा संभाजी महाराजांच्या आश्रयास असता १६८३ च्या सुमारास डिचोली परिसरात राहिला होता. डिचोलीच्या नमाजगाहाशी परंपरेने त्याचेच नाव जोडले जाते. ‘नमाजगाह’ या शब्दातील ‘गाह’ म्हणजे जागा. हा शब्दही फारसीच.

शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ तयार करविला. त्यानंतर मराठी पत्रांतील फारसीचे प्रमाण हळूहळू घटत गेले. परंतु ठरीव मायने सहजासहजी जात नाहीत. म्हणून मराठी राज्याच्या पत्रांतही ‘बिदानद’ दीर्घकाळ टिकून राहिले.

मायन्याची फोड

त्या काळच्या आज्ञापत्राचा सर्वसाधारण साचा असा असे : ‘अज रख्तखाने’ अमुक राजे ‘दाम दौलतहू, बजानेब कारकुनानि हाल व इस्तकबाल’ मामले अमुक, ‘बिदानद’. त्यापुढे ‘सुहूर सन’ येऊन अरबी अंकशब्दांत वर्ष दिलेले असते. उदाहरणार्थ, ‘सलास सबैन अलफ’ म्हणजे तीन, सत्तर व हजार, अर्थात १०७३. सुहूर सनात ५९९ अथवा ६०० मिळविले असता इसवी सन मिळतो, म्हणून हे वर्ष १६७२-७३ ठरते.

आता शब्दांची फोड पाहू. ‘अज’ म्हणजे ‘पासून, कडून’. ‘रख्तखाना’ म्हणजे राजगृह. ‘बजानेब’ म्हणजे ‘कडे’. ‘कारकुनानि’ यात ‘कारकुन’ या शब्दास ‘आन’ हा अनेकवचनाचा प्रत्यय लागला असून शेवटचा ‘इ’ पुढील शब्दाशी षष्ठीसारखा संबंध दाखवितो. ‘हाल’ म्हणजे वर्तमान, आणि ‘इस्तकबाल’ म्हणजे पुढे येणारा काळ. ‘कारकुनानि हाल व इस्तकबाल’ म्हणजे सध्याचे व यापुढे येणारे कारकून.

‘दाम दौलतहू’ हे शब्द अरबी आहेत. त्यांचा अर्थ ‘त्याची दौलत टिकून राहो’ असा होतो. यातील ‘दाम’ हे रूप दिसावयास भूतकाळाचे आहे, परंतु अरबीत शुभेच्छा व्यक्त करण्यासाठी भूतकाळाचे रूप योजतात. रूपावरून अर्थ ठरविण्यात घाई करू नये, याचे हे उत्तम उदाहरण होय.

राहता राहिले ‘बिदानद’. फारसीत ‘दानिस्तन’ म्हणजे जाणणे. त्याचे वर्तमानकाळी अंग ‘दान’. त्यास आरंभी ‘बि’ हा उपसर्ग व शेवटी ‘अंद’ हा तृतीय पुरुषी अनेकवचनाचा प्रत्यय लावला की ‘बिदानंद’ होते. अर्थ : ‘त्यांनी जाणावे’. मोडी लेखनात अनुस्वार पुष्कळदा गाळला जातो, त्यामुळे ‘बिदानंद’चे ‘बिदानद’ होते. काटेकोर पाहता ‘बिदानद’ हे एकवचन, म्हणजे ‘त्याने जाणावे’. परंतु मायन्यात कारकून अनेक असल्याने तेथे अनेकवचन अभिप्रेत आहे.

यावरून सबंध मायन्याचा अर्थ असा होतो : ‘ज्यांची दौलत टिकून राहो अशा अमुक राजांच्या घराकडून, अमुक मामल्याच्या सध्याच्या व यापुढे येणाऱ्या कारकुनांकडे : त्यांनी जाणावे.’ येथे विध्यर्थ का लागतो, हेही स्पष्ट होते. पुढे येणारे कारकून अद्याप नेमलेले नाहीत; कित्येक तर अजून जन्मासही आलेले नाहीत. त्यांना ‘जाणतात’ असे म्हणता येत नाही व ‘जाणले’ असेही म्हणता येत नाही. ‘जाणावे’ एवढेच म्हणता येते. ज्या रयतेला अथवा देवस्थानाला ते पत्र मिळत असे, तिचे पुढील पिढ्यांचे हित या एका क्रियापदावर अवलंबून असे.

फारसी विध्यर्थाची घडण

मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ शाळेत शिकविले जातात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ. ‘तो जातो’ हा स्वार्थ, म्हणजे नुसते कथन. ‘जा’, ‘जावो’ हा आज्ञार्थ. ‘त्याने जावे’ हा विध्यर्थ. ‘तो जाता तर’ हा संकेतार्थ. मराठी विध्यर्थाने कर्तव्य, इच्छा, शक्यता व तर्क दाखविला जातो. फारसीत हेच काम एका रूपमालेने होते, आणि ‘अमुक घडले तर’ अशी शक्य कोटीतील अटही तीच रूपमाला दाखविते.

‘रफ्तन’ म्हणजे जाणे. त्याचे वर्तमानकाळी अंग ‘रव’. आजच्या फारसीत स्वार्थी वर्तमानकाळ ‘मी’ हा उपसर्ग लावून होतो : ‘मी-रवद’, म्हणजे ‘तो जातो’. हा ‘मी’ मराठी सर्वनाम नव्हे, हे ध्यानात ठेवावे. ‘मी’च्या जागी ‘बि’ आला की विध्यर्थ होतो :

बि-रवम : मी जावे
बि-रवी : तू जावे
बि-रवद : त्याने अथवा तिने जावे
बि-रवीम : आम्ही जावे
बि-रवीद : तुम्ही जावे
बि-रवंद : त्यांनी जावे

मराठीत ‘जावे’ हे रूप सर्व पुरुषांत एकच राहते. कोणी जावे हे कर्त्यावरून कळते. फारसीत कर्ता क्रियापदाच्या शेवटच्या प्रत्ययातच असतो, म्हणून ‘बिदानंद’ एवढा एक शब्द ‘त्यांनी जाणावे’ या संपूर्ण वाक्याचे काम करू शकतो. नकार दाखविताना ‘बि’ जाऊन ‘न’ येतो : ‘न-रवद’, म्हणजे ‘त्याने न जावे’.

‘असणे’ या अर्थाच्या ‘बूदन’ धातूस ‘बि’ लागत नाही. तेथे ‘बाशम, बाशी, बाशद’ अशी रूपे होतात. तसेच ‘करणे’ या अर्थाच्या ‘कर्दन’ची जोडक्रियापदे करताना ‘बि’ पुष्कळदा गळतो : ‘हुक्म कुनद’, म्हणजे ‘त्याने हुकूम करावा’. जुन्या फारसीत तर ‘बि’ नसतानाही विध्यर्थ असू शकतो, आणि कधी ‘बि’ केवळ जोर देण्यासाठी भूतकाळी रूपासही लागतो. म्हणून जुन्या लेखनात केवळ उपसर्ग पाहून न थांबता वाक्याचा संदर्भही पाहावा लागतो.

ही अंगे मराठी वाचकास अनोळखी नाहीत. ‘कारकून’ म्हणजे काम करणारा. त्यातील ‘कुन’ हे ‘कर्दन’चे अंग. ‘कदरदान’ म्हणजे योग्यता जाणणारा. त्यातील ‘दान’ हेच ‘बिदानंद’मधील ‘दान’. (‘अत्तरदान’, ‘पिकदान’ यांतील ‘दान’ मात्र निराळा, तो भांडे दाखविणारा प्रत्यय आहे.) ‘फडणवीस’मधील ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा, त्यावरून ‘बि-नवीसद’, म्हणजे ‘त्याने लिहावे’. ‘दुर्बीण’मधील ‘बीन’ म्हणजे पाहणारा. त्यावरून ‘बि-बीनद’, म्हणजे ‘त्याने पाहावे’. ही रूपमाला शिकण्याची अर्धी सामग्री मराठीच्या घरातच आहे.

विध्यर्थ कोठे योजतात

काही शब्दांमागून फारसीत विध्यर्थ येतो. ‘बायद’ म्हणजे ‘पाहिजे’. ‘बायद ब कारापूर बि-रवद’ : ‘त्याने कारापूरला गेले पाहिजे’. ‘खास्तन’ म्हणजे इच्छिणे. ‘मी-ख्वाहद ब कारापूर बि-रवद’ : ‘त्याला कारापूरला जावयाचे आहे’. ‘अगर’ म्हणजे ‘जर’. ‘अगर बि-रवद’ : ‘तो गेला तर’. मराठीत ‘अगर’ हा शब्द ‘किंवा’ या अर्थी रूढ झाला, म्हणून फारसी मजकुरात तो दिसताच मराठी अर्थ घेऊ नये. ‘ता’ या शब्दामागून विध्यर्थ आला तर त्याचा अर्थ ‘म्हणून, यासाठी की’ असा होतो.

‘शायद’ म्हणजे ‘कदाचित’. ‘शायद बि-रवद’ : ‘कदाचित तो जाईल’. गोष्ट मागे घडून गेली असण्याचा तर्क असेल, तर भूतकाळवाचक धातुसाधित व ‘बाशद’ योजतात : ‘शायद ब कारापूर रफ्ता बाशद’, म्हणजे ‘तो कारापूरला गेला असावा’. येथे मराठीशी असलेले साम्य लक्षणीय आहे. ‘रफ्ता’ म्हणजे गेलेला, ‘बाशद’ म्हणजे असावा. दोन्ही भाषांनी तर्कासाठी ‘असणे’ याचाच विध्यर्थ योजला आहे.

तीन सारखे दिसणारे शब्द

मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद काटेकोरपणे पाळला जात नसल्याने तीन शब्दांची गल्लत होते. पहिला ‘ब’ : याचा अर्थ ‘ला, ने, प्रमाणे’ असा होतो, ‘बमोजिब’, ‘बदस्तूर’ या शब्दांत तो आहे. दुसरा क्रियापदाचा ‘बि’ : तो ‘बिदानंद’मध्ये आहे. तिसरा ‘बे’ : त्याचा अर्थ ‘शिवाय, विना’ असा होतो, ‘बेकायदा’, ‘बेजबाबदार’ या शब्दांत तो आहे. ‘बिदानंद’मधील ‘बि’ हा ‘बे’ समजल्यास ‘न जाणणारे’ असा अगदी उलट अर्थ होईल. पुढील शब्द नाम आहे की क्रियापदाचे अंग आहे, हे पाहिल्याने ही चूक टळते.

बोलण्यात उरलेली रूपे

फारसीत इच्छा व आशीर्वाद दाखविणारे एक जुने रूप आहे : ‘बाद’, म्हणजे ‘असो, होवो’. ‘जिंदा’ म्हणजे जिवंत. ‘जिंदाबाद’ म्हणजे ‘जिवंत असो’. ‘मुबारकबाद’ म्हणजे ‘मंगल असो’. सभांतून व मिरवणुकांतून हजारो कंठांतून निघणारी घोषणा हे फारसी व्याकरणातील इच्छादर्शक रूप आहे. ‘शाबास’ हा शब्दही असाच; ‘शाद बाश’, म्हणजे ‘आनंदी राहा’, याचे ते मराठी रूप. शिक्षक विद्यार्थ्याची पाठ थोपटतो तेव्हा तो ‘बूदन’ धातूचा आज्ञार्थच उच्चारीत असतो. अहमदाबाद, हैदराबाद या नावांतील ‘आबाद’ मात्र वेगळा. त्याचा अर्थ ‘वसलेले’ असा आहे.

हुकूम व घटना यांतील भेद

मायन्याच्या आरंभी ‘बिदानंद’ असते, तसे पत्राच्या शेवटी ‘मोर्तब सूद’ असते. ‘सूद’ हे ‘शुद’ याचे मराठी लेखनातील रूप असून ‘शुद’ म्हणजे ‘झाले’. ‘मुरत्तब शुद’ म्हणजे ‘सिद्ध झाले, पुरे झाले’. ‘शिक्कामोर्तब होणे’ हा आजचा वाक्प्रचार येथूनच आला. आरंभीचे क्रियापद विध्यर्थी आहे, कारण जाणणे अजून व्हावयाचे आहे; शेवटचे क्रियापद स्वार्थी भूतकाळी आहे, कारण पत्र लिहून मोर्तब झालेले आहे. एकाच कागदावर ‘व्हावे’ आणि ‘झाले’ यांची अशी नेमकी विभागणी असे.

हाच भेद मधल्या मराठी मजकुरातही पाळलेला असतो. ‘जमीन दुमाला करावी’ व ‘जमीन दुमाला केली असे’ ही दोन वाक्ये दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. पहिले आज्ञा सांगते. दुसरे घडलेली गोष्ट सांगते. दप्तरी मराठीत ‘करणे’, ‘देणे’, ‘चालविणे’ अशी रूपेही आज्ञेच्या अर्थी येतात. ‘दरसाल ताज्या सनदेचा उजूर न करणे’ याचा अर्थ ‘दरवर्षी नव्या सनदेची हरकत घेऊ नये’ असा आहे. तेथे ‘उजूर केला नाही’ असा अर्थ करणे चूक ठरेल.

समजा, एखाद्या देवस्थानाच्या नंदादीपासाठी वार्षिक तेलाची नेमणूक करणारे पत्र सापडले आणि त्यात ‘तेल पावते करावे’ असे शब्द आहेत. त्यावरून नेमणूक झाली, एवढे सिद्ध होते. तेल प्रत्यक्षात पोहोचले की नाही, हे त्या पत्रावरून सांगता येत नाही. त्यासाठी ‘पावते केले’ असे सांगणारा हिशेबाचा कागद पाहावा लागतो. गावाचा इतिहास लिहिताना अथवा दोन घराण्यांतील जुना वाद समजून घेताना आज्ञेलाच घटना मानले, तर एका पक्षावर नकळत अन्याय होतो. याउलट, झालेल्या गोष्टीचा कागद केवळ आज्ञा म्हणून बाजूस सारला, तर दुसऱ्या पक्षावर अन्याय होतो.

या भागात भाषांतरामुळे ही अडचण वाढते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात डिचोली व साखळी, आणि १७८८ मध्ये पेडणे, पोर्तुगीज अंमलाखाली गेले. त्यानंतर जुन्या मराठी कागदांची पोर्तुगीज भाषांतरे झाली, आणि आज त्यांचे पुन्हा मराठीत अथवा इंग्रजीत भाषांतर होते. इतक्या हातांतून जाताना ‘करावे’चे ‘केले’ होण्यास वेळ लागत नाही. सुदैवाने पोर्तुगीज भाषेतही विध्यर्थाची स्वतंत्र रूपे आहेत. इतकेच नव्हे, तर पोर्तुगीज नोटरीच्या जुन्या दस्तऐवजाचा ठरीव आरंभ ‘साइबांव’ या शब्दाने होतो आणि त्याचाही अर्थ ‘जाणावे’ असाच आहे : हा दस्तऐवज जे कोणी पाहतील, त्यांनी जाणावे. विजापूर व लिस्बन येथील दोन्ही दप्तरांनी पुढच्या वाचकाला एकाच क्रियापदाच्या एकाच अर्थाने हाक मारली आहे. लेख हा भविष्यकाळासाठी असतो, म्हणूनच हे साम्य निर्माण झाले.

मराठी पत्रलेखनानेही तीच वाट धरली. मराठेशाहीतील पत्रांच्या अखेरीस ‘जाणिजे’ असे येई. आजही खासगी पत्राच्या शेवटी ‘कळावे, लोभ असावा’ असे लिहितात, आणि शासकीय परिपत्रकात ‘नोंद घ्यावी’, ‘कार्यवाही करावी’ असे शब्द येतात. ‘बिदानंद’ गेले, परंतु त्याचे काम मराठी विध्यर्थ करीत आहे.

शिक्षक, कर्मचारी व ग्रामस्थ यांसाठी

शाळेत विध्यर्थ शिकविताना शिक्षकांनी ‘कळावे’, ‘जिंदाबाद’ व ‘बिदानंद’ ही तीन उदाहरणे एकत्र द्यावीत. ‘गेला असावा’ व ‘रफ्ता बाशद’ यांची तुलना करून दाखवावी. विद्यार्थ्यांना एखादे परिपत्रक देऊन त्यातील ‘करावे’ व ‘केले’ अशी क्रियापदे वेगळी काढावयास सांगावे. व्याकरणाचा व्यवहाराशी असलेला संबंध यामुळे त्यांच्या ध्यानात येईल.

जुन्या कागदाचे वाचन करणाऱ्याने प्रथम क्रियापदे शोधावीत, मग नावे. ती आज्ञा सांगतात, तर्क सांगतात की घटना सांगतात, याची टीप समासात करावी आणि भाषांतरात तो भेद कायम ठेवावा. फारसी शब्दांसाठी माधवराव पटवर्धन यांचा १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘फारसी-मराठी कोश’ अजूनही उपयोगी पडतो. गोव्याच्या इतिहासाचे संशोधक पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४-१९६९) हे डिचोली महालातील पिळगावचे. पणजी येथील पुराभिलेखागारातील पोर्तुगीज व मराठी कागद एकमेकांशी ताडून पाहण्याची जी शिस्त त्यांनी घालून दिली, ती आजही अनुकरणीय आहे.

घरातील जुना कागद आजच्या एक-चौदाच्या उताऱ्याची जागा घेत नाही, हे ग्रामस्थांनी लक्षात ठेवावे. तथापि म्हणून तो टाकून देऊ नये. पावसाळ्यात त्यास ओल लागू देऊ नये, चिकटपट्टी लावून तो जोडू नये, आणि शक्य तर त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. लिहिणाऱ्याने तो ‘हाल व इस्तकबाल’ अशा दोघांसाठी लिहिला होता. त्याच्या दृष्टीने पुढे येणारे वाचक म्हणजे आजची पिढी होय. तिने तो कागद नीट वाचावा व नीट जाणावा, एवढीच ‘बिदानंद’ या शब्दाची अपेक्षा आहे.